फिल्टरची कँडल, आपला छन्ना आणि जिवाणी



चातुर्मास जवळ आला की मंदिराच्या ओट्यावर दरवर्षी एक प्रश्न निघतोच. "फिल्टरचं पाणी गाळलेलं धरायचं का हो?" एकीचे म्हणणे असते की कँडलची छिद्रे कापडापेक्षा कितीतरी बारीक, मग वेगळा छन्ना कशाला? दुसरी म्हणते, कँडल बाजारातली, तिला आपल्या नियमाशी काय देणेघेणे? दोघींचेही ऐकून घ्यावे असे असते. धर्माचा निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही, तो ज्या त्या घराने आपल्या महाराजांना किंवा माताजींना विचारावा. मी आपली बी.कॉम. झालेली गृहिणी. मला जमा आणि खर्च मांडता येतो, म्हणून आज पाण्याचा हिशेब मांडते. काय अडते, काय सुटते, आणि जे अडले ते शेवटी जाते कुठे.

आधी कापड. आमच्या सासूबाई नवा छन्ना शिवला की तो दुहेरी करून उन्हाकडे धरायच्या. पलीकडचा सूर्य दिसला तर ते कापड पाण्यासाठी बाद. जुन्या बायांची ही कसोटी तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. पाणी गाळले की छन्न्याची वरची बाजू गाळलेल्याच पाण्याने हलकेच धुवायची आणि ती जिवाणी जिथले पाणी तिथे सोडायची. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत. म्हणजे गाळण्याच्या आधी कापडाची परीक्षा, आणि गाळल्यावर अडलेल्या जिवांची व्यवस्था. पाणी गाळणे एवढेच त्या कामाचे नाव असले तरी कामे तीन होती.

या कापडाची ताकद किती, हे अलीकडे शास्त्रज्ञांनीही मोजले. रीटा कॉलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात खेड्यातल्या बायांना जुनी सुती साडी चार घड्या घालून, म्हणजे आठ पदरी करून पाणी गाळायला सांगितले. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: अशा गावांमध्ये पटकी ४८ टक्क्यांनी कमी झाली. पटकीचा जंतू स्वतः साडीतून सहज निघून जाईल इतका लहान असतो. पण तो पाण्यातल्या बारीक पोहणाऱ्या जिवांच्या अंगाला चिकटून राहतो, आणि ते जीव साडीत अडतात. नव्या साडीपेक्षा जुनी चांगली ठरली, कारण धुऊन धुऊन धाग्यांचे तंतू सुटतात आणि छिद्रे लहान होतात. आपल्याकडचा नारूसुद्धा असाच पाण्यातल्या किड्यातून पोटात जायचा. पाणी गाळून पिण्याचा प्रचार हा नारू हटवण्याच्या मोहिमेचा मोठा भाग होता, आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. छन्न्याला कमी लेखू नये, ते एवढ्यासाठी.

आता मापे बघू. एक मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. आठ पदरी जुन्या साडीची छिद्रे साधारण २० मायक्रॉनची. जुलाब करणारे जिवाणू एक-दोन मायक्रॉनचे. चांगल्या सिरॅमिक कँडलची छिद्रे एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक. म्हणजे कापडातून जे सुटते त्यातले पुष्कळसे कँडलमध्ये अडते. हे जुनेच शास्त्र आहे. पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या चेंबरलँडने १८८४ साली बिनचकाकीच्या चिनीमातीची अशी नळी केली आणि जंतू अडवून दाखवले. पुढे १८९२ साली इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस त्याच नळीतून गाळला. गाळलेला रस तरीही रोग लावत होता. विषाणूंचा शोध लागण्याची ही सुरुवात. त्याच वेळी कँडलची मर्यादाही कळली. पावसाळ्यात पाण्यातून येणाऱ्या काविळीचे विषाणू सुमारे ०.०३ मायक्रॉनचे असतात. कँडलमधून ते खुशाल पार होतात.

मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत आता हीच कँडल मोठी होऊन आली आहे. तिला सिरॅमिक मेम्ब्रेन म्हणतात. अ‍ॅल्युमिनासारखी भुकटी दाबून, हजार अंशांच्या वर भाजून लांब नळ्या करतात. एकेका नळीत मधमाशांच्या पोळ्यासारख्या आरपार वाहिन्या असतात. नेदरलँड्समधल्या अँडाइक गावी २०१४ पासून अशा मेम्ब्रेनवर पिण्याचे पाणी गाळतात. आपल्याकडे कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने लोह आणि आर्सेनिक काढण्याच्या कामात सिरॅमिक मेम्ब्रेन वापरली. माझा भाचा अशाच यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. दिवाळीला घरी आला की मी त्याला खोदून खोदून विचारते. त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार पटली. तो म्हणतो, "मावशी, आमच्याकडे स्वच्छ दिसणारं पाणी हा पुरावा धरत नाहीत. मेम्ब्रेनची वेगळी परीक्षा घ्यावी लागते." आमच्या लेखापरीक्षणाच्या पुस्तकातही हेच होते. वहीत शिल्लक दिसते म्हणून ती गल्ल्यात असतेच असे नाही, मोजून बघावी लागते.

हे का सांगते ते ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या एका घरी चार वर्षांच्या नातवाचे पोट महिन्यात तीनदा बिघडले. पाणी बोअरचे, दिसायला काचेसारखे. घरात दोन कँडलचा स्टीलचा फिल्टर. आधी तो इतका हळू ठिबकायचा की खालचे भांडे भरायला दिवस जाई. मग एकाएकी रात्रीतून भरायला लागले. घरातल्यांना वाटले, बरे झाले, फिल्टर मोकळा झाला. भाचा त्यांच्याकडे गेला होता, त्याने कँडल काढून बादलीत तपासली. एका कँडलच्या बुडाशी केसासारखी चीर होती. पोट त्यामुळेच बिघडले असे मी छातीठोक म्हणणार नाही, इलाज डॉक्टरांनी केला. पण चिरेतून येणारे पाणी त्या घरात सगळे निर्धास्त होऊन पीत होते हे खरे. न धुता, न काही करता फिल्टर एकदम वेगाने चालू लागला तर आनंद मानू नये, आधी शंका घ्यावी.

ती बादलीची परीक्षा घरी करता येते. कँडल रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी कँडल तपासून काही कळत नाही. सकाळी तिच्या नळीला एक रबरी नळी घट्ट बसवा आणि कँडल पूर्ण पाण्याखाली धरा. नळीतून हळूच हवा भरा. तोंड लावणे नको म्हणून आम्ही फुगे फुगवायचा लहान हातपंप वापरतो. भिजलेल्या बारीक छिद्रांत पाणी घट्ट धरलेले असते. छिद्र जितके बारीक तितका ते पाणी हटवायला हवेचा जोर जास्त लागतो. एक मायक्रॉनच्या छिद्रातून हवा काढायला वातावरणाच्या दाबाच्या तिपटीइतका जोर हवा, तो त्या हातपंपाच्या हलक्या दाबाचा नव्हे. म्हणून धड कँडल शांत बसते. एका जागेवरून बुडबुड्यांची रांग निघाली तर तिथे चीर आहे, किंवा प्लॅस्टिकच्या बैठकीचा जोड सुटला आहे. अशी कँडल बाद. तिला डिंक किंवा सिमेंट लावत बसू नये. केंद्रातही तत्त्व हेच. मेम्ब्रेनच्या एका बाजूला हवा भरतात, झडप बंद करतात आणि काटा बघतात. काटा उतरला की कुठेतरी गळती आहे.

दुसरी परीक्षा वायसरची. कँडल धड असली तरी खालचे रबर सैल झाले तर पाणी न गाळताच खाली उतरते. फिल्टरच्या वरच्या भांड्यात कँडलच्या प्लॅस्टिकच्या बैठकीपर्यंतच पाणी घाला, पांढऱ्या भागाला ते टेकू देऊ नका. खाली एक थेंबही पडायला नको. पडला तर चकती घट्ट करा, नाहीतर रबर बदला. चार-पाच रुपयांची वस्तू असते, तिच्यापायी पूर्ण फिल्टर फुकट जातो.

तिसरी परीक्षा वेगाची, ही मला फार आवडते कारण तिच्यात आकडे लिहायला मिळतात. नवी कँडल बसवली की वरचे भांडे काठोकाठ भरा आणि तासाभरात खाली किती पाणी आले ते मापाने मोजा. ती तारीख आणि तो आकडा कागदावर लिहून फिल्टरच्या मागे चिकटवा. पुढे दर वेळी काठोकाठ भरूनच मोजायचे, कारण वरचे पाणी कमी झाले की वेग आपोआप उतरतो. हिवाळ्यात पाणी गार आणि दाट असते, तेव्हा आकडा थोडा कमी येईल, त्याची चिंता नको. आकडा हळूहळू निम्म्यावर आला की कँडल धुवायची वेळ झाली. धुतल्यावर परत मोजा. पहिल्या आकड्याच्या जवळ गेला तर धुणे नीट झाले. जागचा हलला नाही तर घाण छिद्रांच्या आत बसली आहे. केंद्रातले लोकही धुण्याच्या आधी आणि नंतर असाच वेग मोजतात. धुतले असे म्हणून भागत नाही, धुऊन किती परत मिळाले ते लिहावे लागते.

आता धुणे. कँडलवर अडलेले जिवाणू तिथेच राहतात. दिवस गेले की ते वाढतात, आणि भिंतीतून आत शिरकाव करू शकतात. चेंबरलँडच्या नळीच्या काळापासून हे माहीत आहे, म्हणूनच काही कँडलमध्ये चांदी घालतात. तेव्हा वेळेवर धुणे ही आरोग्याचीच गोष्ट आहे. हात स्वच्छ धुवा. कँडलची नळी वर राहील अशी धरा, म्हणजे मळके पाणी आत जाणार नाही. मऊ ब्रशने गाळलेल्या पाण्यात हलक्या हाताने घासा. साबण, राख, भांड्याची पावडर काही नको, त्याने छिद्रे बुजतात आणि वास बसतो. गरम कँडलवर गार पाणी ओतू नका, तडकते. उकळावी की नाही ते कंपनीच्या पत्रकात बघा. साध्या कँडलला चालते, आत कोळसा असलेल्या किंवा डिंकाने जोडलेल्या कँडलला चालेलच असे नाही. घासून घासून कँडल बारीक होत जाते. नव्या कँडलचा घेर दोऱ्याने मोजून तो दोरा जपून ठेवा, म्हणजे किती झिजली ते दिसते. बसवल्यावर पहिले भांडेभर पाणी पिऊ नका, झाडांना घाला.

आपल्या भागातले बोअरचे पाणी जड असते. डेगचीत पांढरा थर बसतो तसाच कँडलवरही बसतो आणि तो घासून निघत नाही. बरेच जण त्यावर व्हिनेगर सांगतात. आपल्यापैकी पुष्कळ घरांत ते येत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. लिंबूसत्वाचे पाणी करून, पत्रकात मनाई नसेल तर, कँडल दोन-तीन तास त्यात ठेवा. चुन्याचा थर सुटतो. मग चांगली खंगाळा. केंद्रातही चुन्यासाठी आणि लोहाच्या तांबूस थरासाठी असेच आम्ल वापरतात, आणि चिकट सेंद्रिय घाणीसाठी कॉस्टिक सोड्यासारखा क्षार. सिरॅमिक दोन्ही सोसते, तीच तिची खुबी. प्लॅस्टिकच्या मेम्ब्रेनला इतके तीव्र काही चालत नाही. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ब्लीचिंग पावडर आणि आम्ल घरात कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

आता हिशेबाची शेवटची ओळ. जे अडले ते गेले कुठे? छन्न्याच्या बाबतीत उत्तर स्पष्ट होते, जिवाणी परत पाण्यात. कँडलच्या बाबतीत आपण तो प्रश्नच विचारत नाही. सरळ नळाचे किंवा विहिरीचे पाणी कँडलवर ओतले तर छन्न्यात अडले असते ते हालते-चालते जीवही कँडलला चिकटून तिथेच मरतात. म्हणून मला क्रम महत्त्वाचा वाटतो. आमच्या घरी पाणी आधी दुहेरी छन्न्याने गाळतात, त्याची जिवाणी विहिरीत जाते, मगच पाणी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पडते. याने दुसरा फायदाही होतो. गाळ आणि कचरा कापडात राहतो, कँडल उशिरा भरते आणि कमी वेळा घासावी लागते. कँडल धुतलेले पाणी मात्र मी विहिरीत सोडत नाही, कारण त्यात रोगाचे जिवाणू एकवटलेले असतात आणि त्या विहिरीचे पाणी चार घरे पितात. ते गटारातही ओतत नाही. मागच्या अंगणात लिंबाच्या झाडाखाली, सावलीतल्या ओल्या मातीत हलकेच सोडते. हा माझ्या घरचा मार्ग झाला. तुम्हाला याहून चांगला सांगितला गेला असेल तर मलाही कळवा.

आणखी एक अडचण नियम पाळणाऱ्या बायांना ठाऊक आहे. गाळलेल्या पाण्याची मर्यादा एका मुहूर्ताची, म्हणजे ४८ मिनिटांची. कँडल तर तासन्‌तास ठिबकते. खालच्या भांड्यातले पाणी मर्यादेत बसवायचे कसे? आमच्याकडे कँडलचे पाणी पुन्हा गाळून चांगले खळखळ उकळतात, आणि उकळलेल्या पाण्याला परंपरेने जेवढी मर्यादा सांगितली आहे तेवढ्यातच संपवतात. मौज बघा, कँडलमधून निसटणारे ते काविळीचे विषाणू या उकळण्यात मरतात. कापडाचे काम कापडाने केले, कँडलचे कँडलने, आणि दोघांकडून जे राहिले ते चुलीने. मुनिमहाराजांच्या चौक्याचे नियम अर्थातच वेगळे, तिथे फिल्टरचा विषय नाही.

पण या तिघांनाही न जुमानणारी एक वस्तू आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या जमिनीतच आहे, ती म्हणजे फ्लोराइड. जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या बोअरमध्ये ते जास्त आढळले आहे. ते पाण्यात विरघळलेले असते, मिठासारखे. छन्ना, कँडल, सिरॅमिक मेम्ब्रेन कशातच अडत नाही, आणि पाणी उकळून आटवले तर उलट घट्ट होते. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर जास्तीत जास्त १.५. वर्षानुवर्षे याहून जास्त गेले तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, मोठ्यांची हाडे आणि सांधे धरतात. त्यासाठी तुरटी आणि चुना वापरण्याची नलगोंडा पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी संस्थेने काढली. सक्रिय अ‍ॅल्युमिनाचे दाणेही फ्लोराइड धरतात, पण ती वस्तू वेगळी, कँडल नव्हे. म्हणून बोअरचे पाणी पीत असाल तर एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्याच.

जंतूंसाठी सोपी तपासणी आहे. १९८२ साली मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी बाटली सुचवली. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवायचे, एक-दोन दिवसांत काळे पडले तर पाण्यात मैल्याचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. आपल्या बायांनी त्यात पुढे व्हावे असे मला मनापासून वाटते. पाण्याकडे बारकाईने बघण्याची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. लोहाऱ्यात चार घरांनी मिळून फिल्टरच्या आधीचे आणि नंतरचे पाणी दोन बाटल्यांत तपासले तर कोणाची कँडल खरी आणि कोणाची नुसती शोभेची, दोन दिवसांत कळेल.

या चातुर्मासात एक छोटा नियम घ्या. दर अष्टमीला फिल्टरचा वेग मोजून कागदावर लिहायचा, आणि महिन्यातून एकदा कँडल बादलीत तपासायची. नव्या छन्न्याला उन्हाकडे धरायला जेवढा वेळ लागत होता, त्याहून फार जास्त लागणार नाही.

जय जिनेंद्र.